घरातली लाईट फडफडली तर जबाबदार कोण? हा वाद थेट एडिसनच्या काळापासून सुरू आहे

भिवंडीत कामतघर किंवा अंजूरफाट्याकडे नवा फ्लॅट घेतला की हॉलमध्ये पीओपी होतं, पीओपीत लपवलेल्या लाईट जातात आणि बोर्डावर एक गोल डिमर बसतो. पहिले चार दिवस आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो फिरवून दाखवला जातो. पाचव्या दिवशी लाईट फडफडायला लागते. डिमर कमी केला की बल्ब लुकलुकतात, मध्येच बंद पडतात, बोर्डातून बारीक गुणगुण ऐकू येते.

मग सुरू होते फोनाफोनी. वायरमन म्हणतो बल्ब स्वस्तातले आहेत. बल्बवाला म्हणतो डिमर चुकीचा आहे. पीओपीवाला म्हणतो आपला वायरशी काही संबंधच नाही. आणि ज्याने सगळ्या कामाचे पैसे घेतले तो कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, शेजारी लूम चालू झाले की व्होल्टेज पडतं, वीज कंपनीला विचारा.

आता हे सगळं आजचं वाटत असलं तरी हा वाद १४० वर्षांहून जुना आहे. तो ज्या घरात पहिल्यांदा गाजला ते घर होतं न्यूयॉर्कच्या मॅडिसन अव्हेन्यूवर, घरमालक होता जे. पी. मॉर्गन, म्हणजे अमेरिकेतला सगळ्यात वजनदार बँकर. आणि काम केलं होतं थॉमस अल्वा एडिसनच्या कंपनीने.

एडिसन म्हटलं की आपल्याला शाळेतला धडा आठवतो. हजार वेळा फसला, मग बल्ब लागला. पण बल्ब लागल्यानंतर लोकांच्या घरात वायर ओढताना त्याच्या नाकीनऊ कसे आले, हे धड्यात नसतं. खरी मजा तिथेच आहे.

एडिसनचा जन्म ११ फेब्रुवारी १८४७ चा, ओहायो राज्यातल्या मिलान गावातला. शाळेत गेला तो जेमतेम काही महिने, बाकीचं आईने घरी शिकवलं. कोवळ्या वयातच तो रेल्वेत पेपर आणि खाऊ विकायला लागला. गाडीच्या सामानाच्या डब्यात त्याने रसायनांचे प्रयोग मांडले होते. एके दिवशी फॉस्फरसची कांडी खाली पडली, डबा पेटला आणि गार्डने प्रयोगशाळेसकट त्याला खाली उतरवलं, असा किस्सा सांगितला जातो. पुढे तो तारऑपरेटर झाला. लुईव्हिलच्या तारऑफिसात रात्रपाळीला असताना त्याच्या हातून बॅटरीचं ॲसिड सांडलं. ते फळ्यांच्या फटीतून खाली झिरपलं आणि खालच्या मजल्यावरच्या साहेबाच्या टेबलावर पडलं. सकाळी नोकरी गेली.

म्हणजे आपल्या प्रयोगाने दुसऱ्याच्या फर्निचरचं नुकसान झालं की काय होतं, याचा अनुभव त्याला लहानपणापासून होता.

मधली वर्षं भराभर गेली. १८६९ मध्ये पहिलं पेटंट, १८७६ मध्ये मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, १८७७ मध्ये फोनोग्राफ. १८७८ च्या शरद ऋतूत त्याने विजेच्या दिव्याचं काम हातात घेतलं. त्यासाठी जी कंपनी उभी राहिली तिच्यात मॉर्गनच्या बँकेचे भागीदार पैसे घालून बसले होते. ऑक्टोबर १८७९ मध्ये कार्बन केलेल्या दोऱ्याचा दिवा तासन् तास टिकला आणि २७ जानेवारी १८८० ला त्याचं पेटंट मिळालं.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. विजेचा दिवा बनवायचा प्रयत्न करणारा एडिसन एकटा नव्हता. इंग्लंडमध्ये जोसेफ स्वान होता आणि त्याचे दिवे वापरून लंडनच्या सॅव्हॉय थिएटरने १८८१ मध्ये विजेचा प्रकाश आणला. तिथे तो प्रकाश कमीजास्त करायची सोयही होती. एडिसनचं वेगळेपण असं की तो फक्त दिवा विकत नव्हता. वीज बनवणारा डायनामो त्याचा, रस्त्याखालची तार त्याची, घरातली वायर, होल्डर, स्विच, फ्यूज आणि वीज मोजणारा मीटरसुद्धा त्याचा किंवा त्याच्या सोबत्यांच्या कारखान्यातला. आजच्या भाषेत सांगायचं तर टर्नकी काम.

यात फायदा मोठा होता, पण एक अडचण होती. कुठेही काही जळालं तरी बोट दाखवायला दुसरा कोणी नव्हता.

१८८२ मध्ये मॉर्गनने आपल्या घरात वीज घ्यायची ठरवली. शहरात वीज देणारं केंद्र तेव्हा अजून सुरू झालं नव्हतं. मग घराच्या मागे तबेल्याखाली तळघर खणलं गेलं, त्यात बॉयलर, वाफेचं इंजिन आणि डायनामो बसले. तिथून जमिनीखालच्या विटांच्या नळीतून वायर घरात आली. जुन्या गॅसच्या दिव्यांच्याच फिटिंगमध्ये बल्ब बसवले गेले.

हे सगळं चालवायला एक मिस्त्री ठेवला होता. तो दुपारी तीनला यायचा, वाफ तयार करायचा आणि चारनंतर दिवे लागायचे. रात्री अकराला त्याची ड्यूटी संपायची. पाहुणे पत्ते खेळत बसले असले तरी अकराच्या ठोक्याला अख्खं घर अंधारात. अमेरिकेतल्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एकाच्या घरात लोडशेडिंग होतं, म्हणा ना.

त्यात वरचेवर शॉर्टसर्किट व्हायचं. आणि शेजारीण वैतागली होती ते वेगळंच. मशीन सुरू झालं की तिचं घर हादरायचं, धूर यायचा. मॉर्गनने मशीनखाली रबर घातलं, भिंतीला वाळूची पोती लावली. हादरे कमी झाले. मग थंडी आली आणि नवीनच तक्रार सुरू झाली. अंगणातल्या ज्या पट्ट्याखालून ती नळी जायची तिथला बर्फ वितळायचा, जमीन ऊबदार राहायची, आणि आसपासची सगळी भटकी मांजरं तिथे येऊन ओरडत बसायची. लूमशेजारच्या घरात राहिलेल्या भिवंडीकरांना ही शेजारीण लगेच समजेल.

हे सगळे तपशील मॉर्गनचा जावई हर्बर्ट सॅटर्ली याने लिहिलेल्या चरित्रात आले आहेत. पुढचा प्रसंगही त्यातलाच.

एडिसनच्या कंपनीत एडवर्ड जॉन्सन नावाचा मोठा अधिकारी होता. ख्रिसमसच्या झाडाला पहिल्यांदा विजेचे रंगीत दिवे लावले ते यानेच, १८८२ च्या डिसेंबरात, स्वतःच्या घरी. मॉर्गनने त्याला बोलावून घेतलं आणि वायरिंग बघायला सांगितलं. जॉन्सनने सगळं तपासलं आणि सरळ सांगून टाकलं की घर त्याचं असतं तर त्याने हे सगळं उचलून रस्त्यावर फेकून दिलं असतं. लक्षात घ्या, हे काम त्याच्याच कंपनीचं होतं. तोवर सामान इतकं सुधारलं होतं की सुरुवातीचं काम आता त्यालाच बघवत नव्हतं. नव्याने वायरिंग करायचं ठरलं.

त्यात मॉर्गनला लायब्ररीतल्या टेबलावर एक दिवा हवा होता. टेबल खोलीच्या मध्यभागी, भिंतीपासून लांब. जॉन्सनने जमिनीखालून वायर नेली आणि गालिच्यातून वर काढून टेबलाला जोडली. दिवा सुंदर लागला. एका रात्री घरची मंडळी बाहेर गेलेली असताना तिथेच शॉर्टसर्किट झालं. टेबल जळालं, गालिचा जळाला, खोलीभर धूर.

दुसऱ्या दिवशी जॉन्सन तिथे पोहोचला तेव्हा जळकं सामान एका बाजूला ढीग करून ठेवलेलं होतं. मॉर्गन दारात आला, हातात वर्तमानपत्र, चष्म्यावरून बघतोय. त्याच्या मागे त्याची बायको उभी होती. तिने जॉन्सनकडे बघून ओठांवर बोट ठेवलं, म्हणजे सफाई देऊ नकोस, आणि ती निघून गेली.

मॉर्गनने एवढंच विचारलं की आता काय करणार. जॉन्सनकडे सांगायला बऱ्याच गोष्टी होत्या. टेबल मध्ये ठेवायचा हट्ट मॉर्गनचा, विजेचं तंत्रच नवीन, नोकराने काहीतरी हलवलं असेल. त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. दोष विजेचा नाही, माझ्या कामाचा आहे, आणि ते मी पूर्ण सुरक्षित करून देतो, अशा अर्थाचं उत्तर दिलं. मॉर्गनने किती दिवस लागतील विचारलं, लगेच करतो म्हटल्यावर मान डोलावली आणि निघून गेला. नवीन वायर पडली. पुढे मॉर्गनने घरी मोठा समारंभ केला, शेकडो पाहुण्यांनी ते दिवे पाहिले आणि त्यातल्या काहींनी आपल्याही घरी वीज मागितली.

यात पणाला काय लागलं होतं ते बघा. मॉर्गन हा फक्त गिऱ्हाईक नव्हता, एडिसनच्या कंपनीचा पैसा त्याच्या वर्तुळातून येत होता. त्याच्या घरातला जळका गालिचा बघून त्याने हात आखडता घेतला असता, तर एडिसनचं पुढचं सगळंच अवघड होतं.

सगळीच गिऱ्हाइकं मॉर्गनसारखी नव्हती. त्याच सुमारास फिफ्थ अव्हेन्यूवर विल्यम व्हँडरबिल्टच्या महालातही चाचणी झाली. भिंतीवरच्या कागदात धातूची बारीक जर होती. वायर त्या जरीला टेकली आणि कागद पेटला. फार नुकसान झालं नाही, पण तळघरात बॉयलर आहे हे घरच्या बाईसाहेबांना त्या गडबडीत कळलं. बॉयलरच्या डोक्यावर आपण राहणार नाही असं त्यांनी ठणकावलं आणि सगळी फिटिंग काढून न्यावी लागली.

जरीच्या कागदाची ही चूक आजही होते. चमकदार फॉइलचा वॉलपेपर, पीओपीची लोखंडी पट्टी आणि तिच्यावर सोलवटलेली वायर. फरक इतकाच की आज वायरवर प्लास्टिकचं आवरण असतं. तेव्हा सुताचा वेढा आणि त्यावर रंगाचा हात, एवढंच असायचं.

४ सप्टेंबर १८८२ ला दुपारी तीन वाजता न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं. एडिसन तेव्हा केंद्रात नव्हता. तो मॉर्गनच्या वॉल स्ट्रीटवरच्या ऑफिसात उभा होता आणि तिथला स्विच त्याने लावला. सुरुवातीला सुमारे ४०० दिवे होते.

आणि थोड्याच दिवसांत रस्त्यावरून तक्रार आली. ॲन आणि नासाऊ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर घोडे अचानक उड्या मारतायत. एडिसन माणसं घेऊन धावला. जमिनीखालच्या जोडणीतून वीज गळत होती, ओल्या रस्त्यावर नाल मारलेला घोडा आला की त्याला झटका बसायचा. इथे वाद घालायला जागाच नव्हती. रस्त्याखालची तार कंपनीची, झटकाही कंपनीचा. दुरुस्ती झाली.

घरातल्या कामाची अडचण वेगळी होती. वायर ओढायला माणसंच नव्हती, कारण वायरमन नावाचा धंदाच अजून जन्माला आला नव्हता. एडिसनने फिफ्थ अव्हेन्यूवरच्या आपल्या ऑफिसात रात्रीचे वर्ग सुरू केले आणि माणसं शिकवून तयार केली. जास्त करंट गेला तर आधी वितळेल अशी तार, म्हणजे आपला फ्यूज, प्रत्येक फाट्यावर बसवायला लावली. मीटर म्हणजे काचेच्या बरणीत जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीचं वजन बदलायचं आणि महिन्याला ते तोलून बिल निघायचं. थंडीत बरणीतलं पाणी गोठू नये म्हणून खोक्यात एक बल्ब ठेवला होता, तो आपोआप लागायचा. तर लोक घाबरून सांगायला यायचे की मीटर लालबुंद झालाय.

जळालेला बल्ब सुरुवातीला कंपनीच बदलून द्यायची. वायर कोणाची, बल्ब कोणाचा, चूक कोणाची, हा प्रश्नच येत नव्हता.

मग हे तुटलं कधी? धंदा वाढला तसं. बल्ब एकाचा, स्विच दुसऱ्याचा, वायरिंग करणारा तिसरा, वीज चौथ्याची. आग लागली की पैसे भरावे लागणाऱ्या विमा कंपन्यांनी वायरिंगचे नियम मागितले आणि १८९७ मध्ये अमेरिकेची राष्ट्रीय वीज नियमावली आली. जबाबदारी वाटली गेली आणि ती वाटलेली जबाबदारी आज भिवंडीच्या हॉलपर्यंत आली आहे.

घरातला डिमर यायला मात्र बराच वेळ गेला. एडिसनच्या काळात प्रकाश कमी करायचा तर मध्ये रोध घालावा लागायचा, तो तापायचा आणि वीज उष्णतेत वाया जायची. नाटकगृहाला परवडायचं, घराला नाही. १९५९ मध्ये जोएल स्पिरा या अमेरिकन तंत्रज्ञाने छोट्या इलेक्ट्रॉनिक स्विचवर चालणारा घरगुती डिमर बनवला. तो वीज अडवत नाही, तिचे तुकडे करतो. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा मागेपुढे होते, म्हणजे १०० अर्ध्या लाटा येतात. डिमर प्रत्येक अर्ध्या लाटेचा थोडा भाग कापतो.

एडिसनच्या जातीच्या बल्बला याचं काहीच वाटत नाही. तार एकदा तापली की मधल्या क्षणात गार होत नाही, त्यामुळे डोळ्याला प्रकाश सलग दिसतो. एलईडीचं तसं नाही. तिच्यात ड्रायव्हर नावाचं छोटं सर्किट असतं, त्याला लाटेचे तुकडे मिळाले की ते गोंधळतं. शिवाय जुन्या डिमरला चालायला ठरावीक किमान लोड लागतो. १०० वॉटच्या बल्बसाठी बनलेल्या डिमरवर ५ वॉटच्या दोन एलईडी लावल्या तर तो नीट चालूच शकत नाही.

म्हणून भांडणाआधी एक साधी तपासणी करा. डिमरवरच्या एलईडी काढून तिथे एक जुना तारेचा बल्ब लावून बघा. तो शांत जळला तर वायर बहुधा ठीक आहे, डिमर आणि एलईडीचं जमत नाहीये. अशा वेळी बल्बच्या खोक्यावर तो डिमरवर चालतो असं लिहिलंय का, हे बघायचं. जुना बल्बही फडफडला तर डिमर खराब किंवा जोडणी ढिली. आणि डिमर नसलेल्या खोल्यांतही लाईट कमीजास्त होत असेल, तर प्रश्न डिमरचा नाहीच, न्यूट्रल किंवा पुरवठा तपासायला हवा. बोर्ड गरम लागला किंवा जळका वास आला तर प्रयोग बंद, एमसीबी खाली आणि परवानाधारक माणसाला फोन.

जबाबदारीचंही तसंच आहे. मीटरपर्यंतची बाजू पुरवठा करणाऱ्याची, भिवंडीत २००७ पासून महावितरणची फ्रँचायझी म्हणून टोरंट पॉवर हे काम बघते. मीटरच्या पुढची वायर घरमालकाची. वायरिंगचं काम परवानाधारक कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं आणि त्याच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट द्यायचा असा नियम आहे. डिमर आणि बल्ब कॉन्ट्रॅक्टरने स्वतः निवडून आणले असतील तर ते जुळत नाहीत हे त्याचं काम चुकलं. तुम्हीच ऑनलाईन मागवून त्याच्या हातात दिले असतील तर तुमची बाजू लंगडी पडते. म्हणून बिल घेताना वायरचं माप, डिमरचं मॉडेल आणि बल्ब कोणी आणला हे लिहून घ्यावं. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर तोंडी बोलणं कामाला येत नाही, हाच कागद येतो.

एडिसनकडे परत येऊ. पुढची गोष्ट त्याच्यासाठी तितकी गोड नाही. त्याची वीज डीसी होती, ती लांब नेता यायची नाही. वेस्टिंगहाऊसने एसी आणली तेव्हा एडिसनच्या बाजूने ती किती जीवघेणी आहे हे दाखवायला जनावरं मारून दाखवायचा प्रचारही झाला. जॉन्सनने जळक्या टेबलासमोर दाखवलेला मोकळेपणा इथे एडिसनला दाखवता आला नाही, असंच म्हणावं लागतं. शेवटी एसी जिंकली. १८९२ मध्ये मॉर्गनच्या पुढाकाराने कंपन्यांचं विलीनीकरण झालं, जनरल इलेक्ट्रिक जन्माला आली आणि नावातून एडिसन गायब झाला. गालिचा जळाल्यावर ज्याने सांभाळून घेतलं होतं, त्यानेच हिशेबाच्या वेळी बाजूला सारलं.

एडिसन पुढे सिनेमा, सिमेंट, बॅटरी यांच्या मागे लागला. १८ ऑक्टोबर १९३१ ला वेस्ट ऑरेंजच्या घरी तो गेला. आदरांजली म्हणून देशभरातली वीज एक मिनिट बंद करावी अशी कल्पना निघाली होती. राष्ट्राध्यक्ष हूवर यांना ती धोक्याची वाटली, कारण दवाखान्यांपासून कारखान्यांपर्यंत सगळं तोवर विजेवर उभं होतं. मग लोकांनीच आपापल्या घरचे दिवे मालवावेत असं ठरलं. २१ ऑक्टोबरला, त्याच्या अंत्यविधीच्या रात्री दहा वाजता, अमेरिकेत ठिकठिकाणी लोकांनी उठून आपल्या भिंतीवरचा स्विच बंद केला आणि मिनिटभराने परत लावला.